कोटवाराच्या पुस्तकातला दुली

“अंबाडीचा वाळलेला पाला नेला तर जर्मनीत पकडतात का रे?” जिजाआजीनं विचारलं.

“पाल्याले कोण पकडते आजी? माणसाले पकडतात,” सुखराम म्हणाला. शेजारचा हा पोरगा आजवर गोंदियाच्या पलीकडे गेलेला नव्हता, पण जगातल्या कुठल्याही देशाबद्दल विचारा, त्याच्याकडे उत्तर तयार. त्याचे वडील स्टेशनात सांधेवाले होते. त्यामुळे प्रवासाचं सगळं ज्ञान आपल्याला घरबसल्या मिळतं, असं त्याचं ठाम मत होतं.

“मंग बरं झालं तू येऊन नाही राह्यला,” सरिता म्हणाली आणि पाल्याचं पुडकं पेटीच्या तळाशी दडपलं.

१९६६ सालचा एप्रिल संपत आला होता. परीक्षा आटोपल्या होत्या आणि बालाघाटच्या पुनाराममामांच्या ओसरीवर नवी कोरी लोखंडी पेटी आ वासून पडली होती. या पेटीबरोबर तिघंजण जर्मनीला निघाले होते: जिजाआजी, अकरा वर्षांची आनंदी आणि तिचा नऊ वर्षांचा भाऊ दुलीचंद, म्हणजे दुली. सरिता ही मामांची मुलगी, आनंदीपेक्षा वर्षानं मोठी. ती जाणार नव्हती. पण पेटी कशी भरायची हे तीच ठरवत होती, आणि तिच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

आनंदी-दुलीची आई शेवंताबाई जर्मनीतल्या एका दवाखान्यात नर्स होती. दुली वर्षाचा असताना वडील वारले. मग शेवंताबाईनं मुलांना आजीजवळ ठेवलं, नागपूरला राहून नर्सिंगचा अभ्यास पुरा केला आणि चार वर्षांपूर्वी थेट जर्मनी गाठली. या जूनमध्ये तिला पहिल्यांदाच मोठी सुट्टी मिळाली होती. मोठी म्हणजे किती, तर तीन आठवडे. बोटीनं नुसतं यायला-जायलाच महिना लागतो. तेव्हा तिनं उलटा विचार केला: शाळेची सुट्टी लांबलचक असते, मुलांनीच इकडे यावं. मुंबईहून बोट मेच्या शेवटी सुटणार होती. ही संधी हुकली तर पुढची सुट्टी आणखी चार वर्षांनी.

दुलीला आईचा चेहरा नीट आठवत नव्हता. फोटोतला आठवायचा, खरा नाही. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात अंगणात सायकल थांबली. खाकी कपड्यातले हवालदार आत आले. हातात कागदांची फाईल होती.

“पासपोर्ट की इन्क्वायरी है। पुनाराम कहाँ हैं?”

मामा-मामी बोटीची तिकिटं आणायला नागपूरला गेले होते, उद्या रात्री येणार होते. आजीनं तसं सांगितलं आणि पाणी दिलं. हवालदारांनी पाणी पिऊन फाईल उघडली आणि शाळेचे दोन दाखले शेजारी शेजारी ठेवले.

“लड़की की पैदाइश, एक जुलाई पचपन। लड़के की, एक जनवरी छप्पन।” त्यांनी आजीकडे पाहिलं. “छह महीने। एक ही माँ के दो बच्चे, छह महीने के फ़र्क से? माँजी, इनमें से एक बच्चा किसी और का है।”

ओसरीवरचे सगळे त्या दोन दाखल्यांवर वाकले. सुखरामसुद्धा.

“नाही बाप्पा,” आजी म्हणाली, “दोघंही शेवंताचेच. माह्याच हातानं झाले.”

“ज़ुबानी बात नहीं चलती। बाहर मुल्क का मामला है, लोग दूसरों के बच्चे ले जाते हैं। कल शनिवार है, चार बजे साहब रिपोर्ट पर दस्तख़त करके डाक में डाल देंगे। तब तक कोई काग़ज़ हो तो लाइए। नहीं तो लड़के का नाम कटेगा।”

सायकल निघून गेली. आनंदीनं दुलीकडे पाहिलं. तो पेटीच्या कडेला बोट फिरवत उभा होता. एरवी हा पोरगा झोपेतही बडबडायचा.

“एकाले सोडून मी जाणार नाही,” आजी म्हणाली. “जाईन तं दोघांले घेऊन, नाही तं कोणीच नाही.” आणि ती डोळ्याला पदर लावून बसली.

सरिता मात्र आधीच दाखल्यांचा विचार करत होती. “आत्या, बाबा, साहेब, सगळे शहाणे. पण हे दाखले कोणी वाचलेच नाही? आमच्या बाबानं तसेच फारमाले टाचले?”

“गुरुजीनं तारखा लिवल्या,” आजी म्हणाली. “पिपरटोल्याच्या शाळेत, तवा आम्ही गावातच राहत होतो. चैतराम गुरुजी. दोघांले एकाच दिवशी घेऊन गेलती मी. आनंदी सहा-साडेसहाची. आन हा पोट्टा साडेचारचा, पण बहिणीचा हातच सोडेना. गुरुजीनं सगळ्या पोट्ट्यांले डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायले लावलं. ज्याचा हात पोचला त्याले शाळेत घेतलं. आनंदीचा पोचला. याचा काही पोचेना. तं गुरुजी म्हणे, मान वाकडी कर. केली यानं मान वाकडी. पोचला.”

“म्हणजे गुरुजीनं ठोकून दिलं,” सरिता म्हणाली. “हिले लहान केलं, याले मोठं केलं, आन मधात सहा महिने राह्यले.”

“मंग खरी तारीख कोणती?” आनंदीनं विचारलं.

“तारीख मले कायची येते? नागपूरले दीक्षेले गेलतो तवा हा पोटात होता. शेवंताले सहावा लागलता. तिथून पुढं हिवाळ्यात झाला.”

दीक्षा छप्पनच्या ऑक्टोबरातली. म्हणजे दुली सत्तावन सालचा. घरातल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. पण साहेबाला कागद हवा होता.

“कोटवार,” सुखराम एकदम म्हणाला. “गावात कोणी जन्मलं, कोणी मेलं, कोटवाराच्या पुस्तकात चढते. ठाण्यात दाखवा लागते त्याले. माह्या बाबाच्या नोकरीच्या वेळेस तसंच काढलं होतं.”

या वेळी त्याला खरोखरच काहीतरी माहीत होतं. सकाळच्या गाडीनं हट्टा रोड, तिथून पायी पिपरटोला, आणि दुपारच्या गाडीनं परत. आजीचा गुडघा सुजलेला, ती चालणार कशी? तिनं चौघांच्याही हातावर भाकरीचं गाठोडं दिलं आणि सांगितलं, “महागू कोटवाराले माहं नाव सांगा. आन आनंदे, याचा हात सोडू नको.”

छोट्या लाइनची गाडी सकाळी निघाली तेव्हाच डबा तापायला लागला होता. सुखराम आणि सरिता खिडकीवरून भांडत होते. दुली आनंदीच्या शेजारी बसला होता. दोन स्टेशनं गेल्यावर त्यानं हळूच विचारलं, “ताई, मी सापडलेला हाव का व?”

“येडा झाला का? मी पाह्यलं ना तुले झालेला.”

“तू दोन वर्षांची होती. तुले काय आठवते?”

खरं सांगायचं तर आनंदीला काहीच आठवत नव्हतं, आणि त्याचं तिला इतकं वाईट वाटलं की तिनं त्याचा हात घट्ट धरून ठेवला, घाम आला तरी सोडला नाही.

हट्टा रोडला उतरून ते शेतांच्या धुऱ्याधुऱ्यानं, बांधावरून निघाले. धानाची रिकामी बांधी उन्हानं तडकली होती. दहाच्या सुमाराला ते पिपरटोल्यात पोचले. महागू कोटवार अंगणात बाज विणत बसला होता. साठीचा माणूस, मिशा पांढऱ्या, पण कमरेच्या पट्ट्यावरचा पितळी बिल्ला घासून लख्ख केलेला.

“जय भीम आबाजी. जिजाबाईनं पाठवलं,” आनंदी म्हणाली.

“जिजाबाईचे नातू? या बाप्पा, या.” महागूनं त्यांना सावलीत बसवलं. तुळसाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, गुळाचा खडा आणि पाणी आणलं. कोटवारी म्हणजे काय असते, असं सुखरामनं विचारायचा अवकाश, महागूची छाती फुगली.

“कोटवार म्हणजे सरकार. गावात नवखा माणूस आला, ठाण्यात कळवा. बेवारस ढोर आलं, कळवा. बेवारस पोर सापडलं, पुस्तकात चढवा आन त्याच दिवशी हाताले धरून ठाण्यात नेऊन हजर करा. न्हाई केलं तं कोटवारी गेली.”

“आन जन्म?” आनंदीनं विचारलं. “आमच्या दुलीचा जन्म पाह्यजे होता आबाजी. सत्तावन सालचं पुस्तक.”

महागूची छाती होती तिथे परत गेली.

“जुनी पुस्तकं ठाण्यात जमा होतात,” तो म्हणाला आणि बाजेची दोरी ओढू लागला. “माह्याजवळ काही नाही.”

“पण एखादं...”

“कोणत्या सालाचं म्हणे?” तुळसाबाईनं दारातून विचारलं.

महागूनं तिच्याकडे असं पाहिलं की ती पटकन आत गेली. पण सरितानं ते पाहिलं होतं. तिनं आनंदीला बाजूला घेतलं.

“सगळी पुस्तकं जमा केली असती तं बाईनं साल काहून विचारलं असतं? घरात आहेत ती. बुढ्यानं एकही जमा केलं नाही. आता भेतो.”

“मंग देईन कसा तो?”

देत नव्हताच. आनंदीनं हात जोडले, सुखरामनं ठाण्याची भीती घातली, सरितानं चक्क भांडण काढलं. महागू एकच बोलत होता: जमा केलं, जमा केलं. ऊन अंगणाच्या मध्यावर आलं. एकची गाडी चुकली तर चारच्या आत बालाघाट विसरायचं.

तेव्हा दुली उठला. सावलीतून निघाला आणि भर उन्हात, अंगणाच्या मधोमध, मांडी घालून बसला.

“आबाजी, मले पुस्तकात चढवा.”

“कायले?”

“मी बेवारस पोर हाव. सरकारनं सांगितलं. शेवंताबाईचा नाही म्हणे मी. मंग कोणाचा हाव ते मले माहीत नाही. तुमच्या गावात सापडलो. चढवा आन न्या ठाण्यात.”

“ऊठ रे, चटका लागते. काय पोट्ट्यावानी करतं?”

“नाही उठत. तुमची कोटवारी जाईल.”

सुखरामला हसू आलं, मग ते गेलं. दुलीचा आवाज नाटकाचा नव्हता. सरितानं आनंदीकडे पाहिलं, आणि आनंदीला कळेना की हा डाव टाकतो आहे की खरंच बोलतो आहे. ती जाऊन त्याच्याजवळ उन्हात बसली. मग सरिता बसली. मग सुखराम.

महागू गोंधळला. शेजारची दोन-चार माणसं कुडाला येऊन उभी राहिली. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, “काय झालं महागू? पोर सापडलं म्हणे?” झालं. आता गावाला कळलं म्हणजे ठाण्याला कळलं. महागूनं कपाळावर हात मारला आणि बायकोला हाक दिली, “गुरुजीले बोलाव. लिवा लागते.”

सरिता ताठ झाली. “गुरुजीले काहून?”

“मले लिवता येते का? मी अंगठेवाला माणूस. पंचवीस वर्षं झाली, माहं पुस्तक चैतराम गुरुजीच लिवतात.”

चौघंही एकमेकांकडे बघत राहिले. म्हणजे दुलीच्या जन्माची खरी तारीख ज्या हातानं लिहिली, खोटी तारीखही त्याच हातानं लिहिली होती. आणि त्या हाताच्या मालकाला पत्ताच नव्हता.

चैतराम गुरुजी आले ते टोपी सारखी करत, खिशातलं पेन काढत. उंच, वाळकी देहयष्टी, चष्म्याला दोरा बांधलेला. ते बाजेवर बसले, महागूचं चालू पुस्तक मांडीवर घेतलं आणि चष्म्यावरून पाहिलं.

“नाव?”

“दुलीचंद.”

“बापाचं नाव?”

“माहीत नाही.”

“आईचं?”

“शेवंताबाई होतं. पण आता नाही म्हणतात.”

गुरुजींचं पेन थांबलं. “शेवंता? जिजाबाईची शेवंता? अरे, तू दुली. कोण म्हणते तू तिचा नाही?”

“तुमचा दाखला म्हणते गुरुजी,” दुली म्हणाला.

आनंदीनं पिशवीतून दाखल्यांच्या नकला काढल्या आणि गुरुजींच्या समोर धरल्या. गुरुजींनी पहिला वाचला, दुसरा वाचला, मग पुन्हा पहिला. बोटांवर महिने मोजले. त्यांचा चेहरा उतरला. पाच वर्षांपूर्वी त्यांनी दोन ओळी लिहिल्या होत्या, पहिलीकडे बघून दुसरी लिहायचं राहून गेलं होतं.

“साहेब चार वाजता सही करतील,” सरिता म्हणाली. “मंग याचं नाव कटलं. मंग आजी जाणार नाही. मंग कोणीच नाही.”

गुरुजींनी दोन्ही नकला घडी करून आनंदीला परत दिल्या. मग म्हणाले, “महागू, सत्तावनचं पुस्तक काढ.”

“गुरुजी, जमा...”

“मले सांगू नको. दर साली तूच म्हणतो, एवढं ओझं घेऊन कोण जाते. काढ.”

“माही कोटवारी जाईल गुरुजी.”

“आन माही पेन्शन. रिटायर व्हायले दोन महिने राह्यले माहे. काढ म्हणतो ना.”

तुळसाबाई तोवर आत गेलीही होती. धानाच्या कोठीमागून तिनं एक गाठोडं ओढत आणलं. पंचवीस वर्षांची गावाची जन्म-मरणं त्यात बांधलेली होती. गुरुजींनी सत्तावनचं पुस्तक शोधलं, पानं उलटली आणि पुस्तक दुलीच्या हातात दिलं. “वाच. तूच वाच.”

दुलीनं बोट ठेवून वाचलं. गुरुजींचं अक्षर टपोरं, सुबक होतं. “उन्नीस जनवरी उन्नीस सौ सत्तावन, शनिवार। लड़का। माँ का नाम शेवंताबाई।”

त्यानं ती ओळ पुन्हा वाचली, या वेळी मनात. मग पुस्तक छातीशी धरून तो उठला. त्याचे पाय उन्हानं पोळले होते, हे त्याला तेव्हा कळलं.

पण साडेअकरा वाजून गेले होते. गुरुजी घरी जाऊन कोट घालून आले. त्यांना कुणी चला म्हटलं नव्हतं. महागूही पट्टा आवळत निघाला, कारण पुस्तक त्याचं होतं आणि ते त्याच्याशिवाय कुणी नेलं तर तो आणखी एक गुन्हा झाला असता. सहा माणसं भर दुपारी धुऱ्यावरून पळत सुटली. गुरुजींना धाप लागत होती. ते थांबायचे, सुखराम त्यांच्या हाताला धरून ओढायचा.

स्टेशनावर पोचले तेव्हा एक वाजून गेला होता आणि रूळ रिकामे होते.

“गेली,” आनंदी म्हणाली आणि फलाटावरच बसली.

सुखराम स्टेशनमास्तरच्या खिडकीशी जाऊन आला. “गेली नाही. अजून आलीच नाही. तास-सव्वा तास लेट.”

आता बसून राहायचं. गाडी चुकली असती तर निदान रडता आलं असतं. हे नुसतं बसणं फार वाईट होतं. स्टेशनातलं घड्याळ दीडवर गेलं, दोनवर गेलं. दुली पुस्तक मांडीवर ठेवून बसला होता, मधूनच उघडून पाहत होता, ओळ आहे ना. गुरुजी त्याच्या शेजारी होते.

“मान वाकडी करायले मीच सांगितलं होतं तुले,” ते एकदा म्हणाले. “तू रडून राह्यला होता. परत पाठवलं असतं तं मंग ढोरामागं गेला असता, शाळेत आला नसता. मले वाटलं, एक तारीख तं लिवाची आहे.”

“मी आता पाचवीत पहिला आलो गुरुजी,” दुली म्हणाला.

गाडी दोन वीसला आली. बालाघाटला पोचली तेव्हा पावणेचार झाले होते. स्टेशनपासून पोलीस कचेरीपर्यंत ते कसे पळाले हे पुढे प्रत्येकानं वेगवेगळं सांगितलं. सुखरामच्या सांगण्यात तर त्यानं गुरुजींना पाठीवर घेतलं होतं. ते खोटं आहे. पण दुलीनं पुस्तक एकदाही दुसऱ्याच्या हातात दिलं नाही, हे खरं आहे.

साहेबांच्या टेबलावर कागदांचा गठ्ठा होता आणि त्यांच्या हातात पेन होतं. कालचे हवालदार शेजारी उभे होते. सहा घामाघूम माणसं एकदम आत आलेली पाहून साहेबांनी पेन खाली ठेवलं.

आनंदीनं सांगायला सुरुवात केली. एकेक गोष्ट क्रमानं: दाखले, कान धरणं, दीक्षा, पुस्तक. साहेबांनी पुस्तक घेतलं, ओळ वाचली आणि मिटलं.

“यह किताब नौ साल पहले थाने में जमा होनी थी। किसी के घर में पड़ी रही। इसमें कल रात भी कोई कुछ लिख सकता है। दाखिले पर तो स्कूल की मुहर है।”

महागू हात जोडून पुढे आला. “साहेब, जमा नाही केली, चुकी माही. मले फासावर द्या. पण लिवलं ते खरं हाय.”

“लिखा किसने?”

महागूनं मान खाली घातली. आनंदीला उत्तर ठाऊक होतं, सरितालाही. पण दोघींनाही ते तोंडातून काढवेना. नाव घेतलं की गुरुजींची पेन्शन गेली. नाही घेतलं की दुली राहिला. आनंदीनं दुलीकडे पाहिलं. तो गुरुजींकडे पाहत होता आणि ओठ घट्ट मिटून होता. त्यानंही नाव घेतलं नाही.

“मैंने,” गुरुजी म्हणाले. “किताब भी मैंने लिखी, दाखिला भी मैंने लिखा। किताब में सच लिखा है। दाखिले में ग़लत।”

साहेबांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. “यही लाइन लिखिए। मेरे सामने।”

गुरुजींनी उभ्याउभ्याच लिहिलं. साहेबांनी तीन कागद ओळीनं मांडले: पुस्तक, दाखला, नवा कागद. ‘श’चा वळसा तिन्हीकडे सारखाच होता. पुस्तकातली त्या ओळीच्या वरची आणि खालची नोंदही त्यांनी बारकाईनं पाहिली. शाई एकाच जुनेपणाची होती, मध्ये कोंबलेलं काही नव्हतं.

“आपने बच्चे की उमर क्यों बढ़ाई?”

“साडेचार वर्षांचं होतं साहेब. बहिणीचा हात सोडत नव्हतं.”

साहेबांनी मराठी ऐकून घेतली. मग म्हणाले, “मास्टरजी, आपका बयान लिखना पड़ेगा। यह ऊपर तक जाएगा। आपके ख़िलाफ़ भी जा सकता है।”

“जाऊ द्या,” गुरुजी म्हणाले.

जबाब लिहिला गेला. महागूला सोमवारपर्यंत सगळी पुस्तकं जमा करायची तंबी मिळाली. मग साहेबांनी गठ्ठ्यातून रिपोर्ट काढला, दोन ओळी खोडल्या, नवी लिहिली आणि सही केली. घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती. डाकेची पिशवी त्यांनी थांबवून ठेवली होती, आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

“हवलदार,” ते म्हणाले, “यह तहक़ीक़ात आपको करनी थी। इन बच्चों ने की। ठीक से देख लीजिए, कैसे की जाती है।” मग ते उठले आणि चौघांशीही हात मिळवला, मोठ्या माणसांशी मिळवावा तसा. सुखरामनं तो हात संध्याकाळपर्यंत धुतला नाही.

गुरुजींची पेन्शन पाच महिने अडकली आणि मग सुटली. पण ते पुढचं झालं.

मेच्या शेवटी बोट सुटली. तेरा दिवस नुसतं पाणी, मग इटलीतलं जिनोव्हा बंदर, मग डोंगराखालच्या लांबच लांब बोगद्यांतून जाणारी आगगाडी. आजी सगळ्या वाटेनं पेटीवर बसून होती. ऱ्हाईन नदीकाठच्या एका गावात ते सकाळी उतरले. फलाटावर गर्दी होती, गोरी माणसं, कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. आणि खांबाशी निळं लुगडं नेसून, वर कोट घालून एक बाई उभी होती.

आनंदी धावली. आजी रडायलाच लागली. शेवंताबाईनं एका हातानं लेकीला धरलं आणि दुसरा हात दुलीकडे पुढे केला.

दुली तीन पावलांवर थांबला होता. ही बाई फोटोतल्यासारखी होती, पण थोडी वेगळीही होती, थोडी थकलेली. त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं.

“माहा जन्म कवाचा?” त्यानं विचारलं.

शेवंताबाईचा हात तसाच राहिला. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. हे सगळं कळवणारं पत्र अजून समुद्रातच होतं. पण तिनं विचार करायला क्षणही घेतला नाही.

“एकोणीस जानेवारी. सत्तावन साल. शनिवार होता. थंडी अशी की आम्ही घरात शेकोटी केलती. आन तू रडलाच नाही पह्यलं. माही छाती फाटून राह्यलती. तुह्या आजीनं पाठीवर दोन थापट्या मारल्या तवा रडला.”

“तीन मारल्या,” आजी पदराआडून म्हणाली.

थंडी, शेकोटी, थापट्या. यातलं काहीच कोटवाराच्या पुस्तकात नव्हतं. दुलीनं मागे वळून ताईला आणि आजीला सांगितलं, “बरोबर हाय. माहीच आई हाय.” आणि मग तो धावला.